मांडी म्हणजे आसन नव्हे: लहान मुलाचा विमानप्रवास, गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन वर्षांखालील मुलासाठी विमानात स्वतंत्र आसन घेण्याची सक्ती नाही, ते आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसून प्रवास करू शकते, ही सवलत जगातील बहुतेक देशांप्रमाणे भारतातही आहे आणि मुंबई-नागपूरपासून पुणे-दुबईपर्यंत असंख्य मराठी कुटुंबे तिचा लाभ घेतात. या सवलतीतून एक समज मात्र असा रूढ झाला आहे की, मांडीवरचे मूल सुरक्षित असते, कारण ते तसे नसते तर नियमांनी परवानगीच दिली नसती. या समजाच्या जोडीला हटकून दुसरे विधान येते, ते म्हणजे ‘आई मुलाला घट्ट धरून बसेल, मग काय होणार आहे’. ही दोन्ही विधाने शिकलेल्या, एरवी बारकाईने चौकशी करणाऱ्या पालकांकडूनही इतक्या वेळा ऐकू येतात की, त्यांचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे.

आधी ‘घट्ट धरण्या’चा विचार करू. प्रवासी विमानांच्या आधुनिक आसनांची चाचणी गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झटका गृहीत धरून घेतली जाते, म्हणजे आसन, त्याचा पट्टा आणि त्यात बसलेले माणूस यांनी तेवढा झटका सोसावा अशी अपेक्षा असते. त्या झटक्यात दहा किलो वजनाचे, साधारण वर्षभराचे मूल हातात धरून ठेवायचे तर क्षणभरासाठी सुमारे १६० किलोचा भार पेलावा लागेल, आणि तो भार पेलणारे हात स्वतः त्याच झटक्याने पुढे फेकले जात असतील. येथे मायेचा किंवा इच्छाशक्तीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण हे स्नायूंच्या आवाक्याबाहेरचे आहे. ‘आईच्या हातून मूल सुटणार नाही’ हे वाक्य ऐकायला कितीही हृद्य असले, तरी ते आईवर अशी जबाबदारी टाकते जी कोणतेही मानवी शरीर पार पाडू शकत नाही, आणि म्हणूनच ते अन्यायकारकही आहे.

या प्रश्नाचा इतिहास १९ जुलै १९८९ या दिवसाशी बांधलेला आहे. त्या दिवशी युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची चकती फुटली, विमानाचे नियंत्रण करणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नळ्या, निकामी झाल्या, आणि वैमानिकांनी सुमारे पाऊण तास झुंज देऊन ते अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सू सिटी विमानतळावर कसेबसे आदळत उतरवले. विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. विमानात मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या कार्यपद्धतीनुसार प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी पालकांना मुले पायाशी जमिनीवर ठेवून, भोवती उशा-चादरी लावून धरून बसण्यास सांगितले, म्हणजे मोठ्यांसाठी पट्टा होता आणि सर्वांत लहान प्रवाशांसाठी उशी. धडक बसताच एक तान्ही मुलगी सामानाच्या कप्प्यात फेकली गेली. तिचे रडणे ऐकून एक प्रवासी धुराने भरलेल्या सांगाड्यात परत शिरला म्हणून ती वाचली. तेवीस महिन्यांचा एक मुलगा मात्र वाचला नाही. जॅन ब्राऊन यांनी पुढची अनेक वर्षे प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन आणि पट्टा असावा यासाठी प्रयत्न केले आणि अमेरिकन काँग्रेससमोर साक्षही दिली. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकन संस्थेने १९९० मध्ये तशीच शिफारस केली.

ही एकच घटना नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेतील शार्लट येथे कोसळलेल्या विमानात नऊ महिन्यांचे बाळ आईच्या हातून निसटून दगावले, आई वाचली. कॅनडातील सानिकिलुआक येथे २२ डिसेंबर २०१२ रोजी झालेल्या अपघातात विमानातील नऊ जणांपैकी फक्त एकाचा मृत्यू झाला, आणि तो मांडीवरच्या बाळाचा होता; त्यानंतर कॅनडाच्या चौकशी मंडळानेही मुलांसाठी स्वतंत्र बंधनसाधने सक्तीची करण्याची शिफारस केली.

अपघात दुर्मीळ असतात, हे खरे. पण टर्ब्युलन्स, म्हणजे हवेच्या उलटसुलट प्रवाहांमुळे विमानाला बसणारे हेलकावे, दुर्मीळ नाहीत. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला २१ मे २०२४ रोजी असे हेलकावे बसले, तेव्हा चौकशीच्या प्राथमिक अहवालानुसार प्रवाशांवरील उभे बल ०.६ सेकंदांत गुरुत्वाकर्षणाच्या अधिक १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर गेले. उणे याचा अर्थ असा की, जे बांधलेले नाही ते छताकडे फेकले जाते. मूल मांडीवर असते तेव्हा पालकाचे हात त्याला खालून आणि बाजूंनी आधार देत असतात. येथे मात्र दहा किलोच्या मुलाला वरून सुमारे पंधरा किलोच्या जोराने खाली दाबावे लागले असते, आणि तेही पापणी लवण्याच्या आत. झोपेत असलेल्या आईकडून किंवा जेवणाचा ट्रे सावरणाऱ्या वडिलांकडून हे होणे शक्य नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानातही उतरताना अशाच तीव्र हेलकाव्यांनी अनेक प्रवासी जखमी झाले होते, तेव्हा हा परदेशी आकाशातला प्रश्न आहे, असे कोणी मानू नये.

मग नियम परवानगी का देतात? या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यामुळेच मूळ गैरसमज टिकून आहे. मांडीवर मूल सुरक्षित आहे असे अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकाने कधीही म्हटलेले नाही. उलट, मांडी ही मुलासाठी सर्वांत सुरक्षित जागा नाही आणि आकस्मिक हेलकाव्यांत हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत, असे ती संस्था स्वतःच पालकांना स्पष्ट सांगते. सक्ती न करण्यामागचे तिचे कारण वेगळे आहे: मुलाचे तिकीट सक्तीचे केल्यास काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा कितीतरी अधिक असल्याने एकूण बालमृत्यू वाढतील. २००३ मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानेही असेच गणित मांडले होते. अमेरिकेत अशा सक्तीने वर्षाला सरासरी ०.४ मृत्यू टळतील आणि पाच ते दहा टक्क्यांहून अधिक कुटुंबे रस्त्याकडे वळल्यास हा लाभ पुसला जाईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे गणित मान्य करता येईल किंवा अमान्य. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ मध्येच सक्तीच्या बाजूने कौल दिला होता. पण ते गणित संपूर्ण देशाच्या लोकसंख्येचे आहे. ज्या कुटुंबाने विमानाचे तिकीट आधीच काढले आहे आणि जे रस्त्याने जाणारच नाही, त्याच्या मुलासाठी मांडी आणि बांधलेले आसन यांत कोणते चांगले, याबद्दल या वादातील दोन्ही पक्षांत मतभेद नाही. नियमाची मुभा ही सुरक्षिततेची पावती समजणे, हीच मूळ चूक आहे.

भारतातील अनेक विमानांत कर्मचारी मांडीवरच्या मुलासाठी एक छोटा पट्टा देतात, जो मोठ्यांच्या पट्ट्यात ओवला जातो आणि मुलाच्या पोटाभोवती बसतो. युरोपात तो किंवा त्याला पर्यायी साधन आवश्यक आहे, तर अमेरिकेत त्याला मनाई आहे. या विसंगतीने गोंधळणारे पालक पुष्कळ आहेत, पण तिचा उलगडा सोपा आहे. हा पट्टा हेलकाव्यांत मुलाला वर उडू देत नाही, एवढा त्याचा उपयोग खरा आहे. समोरून धडक बसल्यास मात्र सर्व ताण मुलाच्या मऊ पोटावर येतो आणि मोठ्यांचे धड त्याच्यावर दुमडते. एफएएच्या ओक्लाहोमा येथील संशोधन संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हा पट्टा आणि पाठ नसलेले बूस्टर आसन, दोन्ही अपुरी ठरली. म्हणून पट्टा दिल्यास तो संपूर्ण उड्डाणभर लावून ठेवावा, पण त्याला कारसीटची बरोबरी देऊ नये. छातीशी बांधायची बाळझोळी तर धडकेसाठी बनवलेलीच नसते.

उपयोगी साधने दोन आहेत. पहिले म्हणजे मोटारीसाठीची अशी कारसीट, जिच्यावर विमानात वापरण्यास मान्यता असल्याचे स्पष्ट छापलेले असते. अमेरिकन कारसीटवर हे वाक्य लाल अक्षरांत असते आणि कर्मचारी तेच शोधतात. विमानाचा पट्टा केवळ कमरेचा, दोन टोकांचा असतो आणि मोटारीत कारसीट अडकवण्यासाठी असलेले आयसोफिक्सचे आकडे विमानात नसतात, त्यामुळे निव्वळ आयसोफिक्सवर किंवा खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी महागडी सीट येथे निरुपयोगी ठरते. सीटची रुंदी १६ इंचांपर्यंत असल्यास ती बहुतेक आसनांत मावते. ती खिडकीशी लावतात, म्हणजे आणीबाणीत इतरांची वाट अडत नाही. दुसरे साधन म्हणजे केअर्स नावाचा खांद्यांचा पट्टा, ज्याला २००६ मध्ये एफएएची मान्यता मिळाली. त्याचा एक फेर आसनाच्या पाठीला, ट्रेच्या मागून, घातला जातो आणि खांद्यावरून उतरणाऱ्या पट्ट्या कमरेच्या पट्ट्याला जोडल्या जातात. तो साधारण १० ते २० किलो वजनाच्या आणि ४० इंचांपर्यंत उंचीच्या मुलांसाठी असून त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते, पण मोटारीत तो वापरता येत नाही. दोन्हींसाठी मुलाचे स्वतंत्र तिकीट लागते आणि विमान कंपनीकडून आधी लेखी होकार मिळवणे इष्ट ठरते.

मोटारीचा मुद्दा येथे सोडून चालणार नाही, कारण विमानतळावर जाणारी आणि तेथून परतणारी टॅक्सी हा संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोक्याचा टप्पा असतो, आणि नेमका तेथेच मूल पुढच्या आसनावर मांडीवर बसवले जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. कारसीट सामानात देऊन टाकावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण सामानाच्या हाताळणीत तिच्या प्लास्टिकला न दिसणारे तडे जाऊ शकतात, म्हणून ती विमानात नेता येत नसेल तर निदान जाड वेष्टनात द्यावी.

उरलेले समज थोडक्यात. कानात कापसाचे बोळे घातल्याने कानदुखी टळत नाही, कारण दुखणे पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकाने होते आणि कापूस हवा अडवत नाही. विमान उतरू लागल्यापासून मुलाला दूध, पाणी किंवा चोखायला काही देऊन गिळायला लावणे हाच उपाय आहे. झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध देणे धोकादायक आहे: क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला, आणि अशा औषधांनी काही मुले झोपण्याऐवजी अधिकच बेचैन होतात. उगाळलेले जायफळही टाळावे, कारण त्याची मात्रा बोटाने मोजता येत नाही आणि जास्त झाल्यास ते विषारी ठरते. आंतरराष्ट्रीय प्रवासातील १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि अन्नाला प्रवासापुरती लागू नसते; तपासणीत ते वेगळे काढून दाखवावे लागते, एवढेच. विमानातील भिंतीला अडकवायचा पाळणा उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी वापरता येत नाही, पट्ट्याचा दिवा लागताच बाळाला त्यातून उचलावे लागते, आणि दीड वर्षाचे मूल त्यात बहुधा मावतच नाही. पाय पसरण्यासाठीच्या फुगवायच्या गाद्या ही सोयीची वस्तू आहे, सुरक्षेची नव्हे, आणि काही कंपन्या त्या वापरू देत नाहीत. परतीच्या उड्डाणापूर्वी मूल दोन वर्षांचे होत असेल, तर त्या उड्डाणासाठी त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

प्राणवायूच्या मुखवट्याबाबत मात्र एका ओळीत भागत नाही. मुलाला आधी मुखवटा लावावा, असे प्रत्येक पालकाच्या मनात येते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ३५,००० फुटांवर दाब गेल्यास प्रौढाची शुद्ध ३० ते ६० सेकंदच उपयोगी राहते, आणि चुळबुळणाऱ्या मुलाच्या तोंडावर मुखवटा बसवण्यात ती गेल्यास दोघांनाही मदत करणारे कोणी उरत नाही. आधी स्वतःचा, लगेच मुलाचा, हा क्रम मुलाच्याच हिताचा आहे. मांडीवरच्या मुलासाठी जादा मुखवटा आसनांच्या ठरावीक गटातच असतो, म्हणून एका गटात मांडीवरची दोन मुले बसू दिली जात नाहीत. कर्मचाऱ्यांनी जागा बदलायला सांगितल्यास वाद न घालता बदलावी.

ज्या कुटुंबाला तिसरे तिकीट परवडते, त्याने मूल दोन वर्षांचे होण्याची वाट न पाहता ते काढावे आणि मान्यताप्राप्त कारसीट किंवा केअर्स पट्टा सोबत न्यावा. ज्याला ते परवडत नाही, त्याने विमानात चढताच मुलाचा पट्टा मागून घ्यावा, पट्ट्याचा दिवा विझल्यावरही तो सोडू नये, आणि विमानतळावरच्या टॅक्सीत मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसू नये.