घरच्या घरीं रक्तशुद्धि

रक्तांतील मळ व जादा पाणी गाळून बाहेर टाकणें हें मूत्रपिंडांचें मुख्य काम होय, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तीं निकामी झालीं म्हणजे हें काम बहुधा यंत्राकडून करवून घेतात. त्यासाठीं वाळूजच्या एखाद्या कामगारास आठवड्यांतून तीन वेळां रुग्णालयांत जाऊन दर वेळीं सुमारें चार तास पडून राहावें लागेल. मग कारखान्यांतील पाळी त्यानें कशी सांभाळावी?

यास दुसरा उपाय आहे. पोटांतील अवयवांवर उदरावरण नांवाचा पातळ पडदा असतो. १९२३ सालीं गेओर्ग गांटर या जर्मन वैद्यानें गाळणी म्हणून त्याचा उपयोग मनुष्यावर करून पाहिला. १९७६ सालीं पोपोविच व मॉनक्रीफ या अमेरिकन संशोधकांनीं रुग्णास हिंडतां-फिरतां येईल अशी पद्धति मांडली. पोटांत बसविलेल्या मऊ नळीवाटें साखरयुक्त निर्जंतुक द्रव, प्रौढास सुमारें दोन लिटर, आंत सोडतात. चार ते सहा तासांत रक्तांतील मळ त्यांत उतरतो आणि साखर जादा पाणी ओढून घेते. मग तो काढून नवा भरावयाचा. असें बहुधा दिवसांतून चार वेळां करावें लागतें.

परंतु ज्या नळीनें मळ बाहेर येतो, तिनेंच जंतू आंत शिरूं शकतात व उदरावरणास दाह होतो. म्हणून द्रवाइतकेंच शिक्षणासही महत्त्व आहे. आधीं परिचारिकेस शिकविण्याची कला यावी लागते. तिनें एका वेळीं एकाच रुग्णास शिकवावें. प्रथम करून दाखवावें, मग त्याच्याकडून करवून घ्यावें, व शेवटीं त्यालाच कारणांसह समजावून सांगावयास लावावें. केवळ मान डोलावणें म्हणजे समजणें नव्हे.

घरीं पाळावयाचे नियम सोपे, पण अढळ आहेत. हात साबणानें धुवून पूर्ण कोरडे करावे, तोंडावर पट्टी बांधावी, दारें-खिडक्या लावाव्या. वाळूजच्या उन्हाळ्यांत पंखा बंद करणें जिवावर येतें. तरी नळी जोडीपर्यंत तो बंदच हवा, कारण वाऱ्यानें धूळ उडते. पिशवी पाण्यांत बुडवून ऊन करूं नये. नळीचें उघडें टोंक कशास लागलें, तर तेथेंच चिमटा लावून थांबावें व परिचारिकेस कळवावें. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखलें किंवा ताप आला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. केंद्राच्या सरासरीनें एका रुग्णास अडीच वर्षांत एकाहून अधिक वेळां दाह होऊं नये, असें माप तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२२ सालीं घालून दिलें आहे. एकदां दाह झालाच, तर बरें झाल्यावर शिक्षण पुन्हा द्यावयाचें असतें.

२०१६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमांत या पद्धतीचा समावेश करण्यासाठीं २०१९ सालीं केंद्र सरकारनें मार्गदर्शक सूचना काढल्या. ही पद्धति प्रत्येकास मानवतेच असें नाहीं; तो निर्णय वैद्यांचा. पण जेथें ती चालूं आहे, त्या घरीं किती द्रव आंत गेला, किती बाहेर आला व कसा दिसला, याची वही रोज लिहावी लागते. आईबापांस अक्षरओळख बेताची असेल, तर हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलानें करावें. त्याच्या नेटक्या अक्षराचा याहून मोठा उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं.