संगणकाच्या धंद्यात अदब हेही भांडवल

अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा अकोल्यातील एखाद्या क्लासमधून प्रोग्रामिंग शिकून निघणाऱ्या मुला-मुलींजवळ बहुधा मोठ्या शहरातील ओळखी नसतात. या धंद्यात मात्र एक सोय आहे. अनेक प्रोग्राम सर्वांसाठी खुले असतात. जगभरचे जाणकार त्यांत सुधारणा करतात, नवशिक्यांच्या अडचणी सोडवतात, तेही बहुधा विनामोबदला. तेथे केलेले काम व वापरलेली भाषा कायम नोंदलेली राहते आणि नोकरी देणारा ती पाहू शकतो. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

डिजिटलओशन ही अमेरिकन कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम चालवीत आली आहे. 2020 साली खुल्या प्रकल्पांना चार सुधारणा पाठविणाऱ्यांस टी-शर्ट मिळणार होता. एका भारतीय व्हिडिओत किरकोळ बदल कसा पाठवायचा हे दाखविले गेले आणि त्याच धर्तीच्या निरर्थक बदलांचा पूर आला. कोणी माहितीच्या पानावर नुसता एक कौतुकाचा शब्द जोडला, एवढेच. प्रकल्प सांभाळणारे वैतागले. अखेर 3 ऑक्टोबरला नियम बदलून, संमती देणारे प्रकल्पच मोजले जातील असे ठरले. 2024 च्या आरंभी ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पावर असाच प्रसंग आला. शिकाऊ मुले माहितीच्या पानात चक्क आपली नावे घालून पाठवू लागली.

वऱ्हाडातील वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. कापसावर पाणी मारून वजन वाढविणारा एखादाच असतो, पण ग्रेडरचा संशय मागच्या प्रामाणिक शेतकऱ्याच्या गाडीवरही येतो.

प्रश्न विचारण्याचेही तसेच. ‘रिस्पेक्टेड सर, अर्जंट, प्लीज हेल्प’ असे लिहिले की अदब पाळली, असे आपल्या मुलांना वाटते. (समोर ‘सर’ नसून एखादी विद्यार्थिनीही असू शकते!) येथील अदब म्हणजे समोरच्याचा वेळ वाचविणे. चुकीचा संदेश फोटो न काढता अक्षरशः उतरवून द्यावा. प्रोग्रामची आवृत्ती आणि आपण आधी काय करून पाहिले ते सांगावे. शेकडो ओळी न पाठविता चूक दिसेल एवढ्याच दहा-पंधरा ओळी ठेवाव्यात. पुष्कळदा ही काटछाट करतानाच चूक सापडते. तोच प्रश्न पाच ठिकाणी टाकू नये आणि उत्तर मिळाल्यावर अडचण कशाने सुटली ते अवश्य कळवावे.

जाणकारांवरही जबाबदारी आहेच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तिखट बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली व काही काळ कामातून बाजूला झाले. त्याच वेळी प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. नवख्याची टर उडविणे हे हुशारीचे लक्षण आहे, असे आम्हास कधीच वाटले नाही.

सुरुवात कोठून करावी, असे विचाराल तर सूचनापत्र वाचताना आपण स्वतः जेथे अडलो ती जागा दुरुस्त करून पाठवावी. लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रामांचा मराठी अनुवाद करण्याचे कामही आहे. पाठविलेला बदल नाकारला गेला तर कारण विचारावे, सुधारून पुन्हा पाठवावा.