डोळ्याला कसंतरी वाटतं म्हणजे काय?



आज एका टोपलीपासून सुरुवात करते. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटानं बांबूच्या टोपल्या विकायला मांडल्या होत्या. माझी टोपली सगळ्यांत घट्ट विणलेली. एका गिऱ्हाईक बाईंनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "काम पक्कं आहे, पण डोळ्याला कसंतरी वाटतं." त्यांनी शेजारची टोपली घेतली. माझी संध्याकाळी घरी परत आली. सासूबाईंनी विचारलं, "काहून वापस आणली वं?" मला उत्तर देता आलं नाही. वीण चुकली असती तर सांगता आलं असतं. पण वीण चुकलेलीच नव्हती.

काय चुकलं ते सांगता यावं, यासाठी चित्रकलेतले मूलघटक आणि तत्त्वं माहीत हवीत. नावं जड वाटतील, पण गोष्ट आपल्या चुलीजवळची आहे. घटक म्हणजे डब्यातलं सामान. तत्त्वं म्हणजे ते किती आणि कशाबरोबर घालायचं याची समज.

आधी घटक पाहू. पहिला बिंदू. आपल्या आज्यांच्या हातावरचं गोंदण आठवा, सुईनं टोचलेला एकेक ठिपका. ठिपक्याला ठिपका जोडला की रेषा होते. आडवी रेषा शांत वाटते, बांधीत साचलेल्या पाण्यासारखी. उभी रेषा ताठ, सागाच्या झाडासारखी. तिरपी रेषा पावसाच्या सरीसारखी धावते आणि वळणदार रेषा वैनगंगेसारखी सावकाश नेते. रेषेची दोन टोकं जुळली की आकार तयार होतो.

पुढचा घटक छटा, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या. चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडा देवस्थानाला आपण महाशिवरात्रीला जातो. पुढच्या वेळी देवळाच्या भिंतींवरच्या मूर्ती सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहा. दगड एकाच रंगाचा आहे, पण पुढे आलेला भाग उजळ आणि खोल भाग काळसर दिसतो, म्हणून मूर्ती जिवंत वाटते. पोत म्हणजे हाताला किंवा डोळ्याला जाणवणारा गुळगुळीतपणा वा खरखर. बांबूची पाठ आणि पोट यांचा पोत वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रंगांत लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. लाल-पिवळ्यातून नारिंगी, पिवळ्या-निळ्यातून हिरवा, लाल-निळ्यातून जांभळा. आणि शेवटचा घटक मोकळी जागा. सारवलेलं अंगण रिकामं असतं म्हणूनच रांगोळी उठून दिसते.

आता तत्त्वं. पहिलं तत्त्व लय. रोवणीच्या वेळी आपण धानाचे पऱ्हे सारख्या अंतरावर लावत मागे सरकतो. तीच लय. करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी पुन्हा पुन्हा येते, तीही लयच.

दुसरं तोल. कावडीला दोन्हीकडे सारखे हंडे असतील तर खांदा बरोबर मध्ये येतो. हा सरळ तोल. एक हंडा जड असेल तर खांदा त्याच्याकडे सरकवतो, हाही तोलच, पण वेगळ्या तऱ्हेचा. चित्रात एका बाजूला मोठी आकृती असेल, तर दुसऱ्या बाजूला लहान पण गडद आकृती दूरवर ठेवून तोल साधता येतो.

तिसरं प्रमाण आणि चौथं प्राधान्य. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे. त्यात सिंह मोठा आणि हत्ती त्याच्यापुढे लहान. जंगलात असं नसतं, पण कारागिराला पराक्रम सिंहाचा दाखवायचा होता. काय महत्त्वाचं ते ठरवून त्यानं प्रमाण बदललं.

पाचवं विरोध. फागुनात पळस फुलतो तेव्हा पानं झडलेली असतात, वर निळं आभाळ असतं. नारिंगी आणि निळा हे विरोधी रंग, म्हणून पळस कोसभरावरून दिसतो. आणि हे सगळं मिळून एकच वस्तू वाटली, तुकडे वाटले नाहीत, तर त्याला एकसंधता म्हणतात.

आता माझी टोपली पाहू. मी लाल, हिरव्या आणि पिवळ्या रंगाचे सारख्याच रुंदीचे तीन पट्टे घातले होते. तिघेही सारखेच ओरडत होते, प्राधान्य कुणालाच नव्हतं. पट्टे बरोबर मधोमध होते, त्यामुळे टोपलीचे दोन तुकडे दिसत होते. तोंड लहान आणि कडी जाडजूड, म्हणजे प्रमाणही बिघडलेलं.

पुढच्या टोपलीत मी एकच गडद लाल पट्टा घेतला, तो वरच्या भागात, आणि खाली दोन बारीक रेषा. बाकी बांबूचा रंग तसाच मोकळा ठेवला. कडी बारीक केली. मेहनत तेवढीच लागली, उलट रंग कमी लागला. ती टोपली विकली गेली. नंतर एक व्यापारी "डिझाइन बरोबर नाही" म्हणत भाव पाडू लागला, तेव्हा मी विचारलं, "काय बरोबर नाही? रंग, तोल की प्रमाण?" त्यानं दोन टोपल्यांच्या कड्या दाखवल्या. त्या खरंच जाड होत्या. त्या दोन मी बाजूला ठेवल्या आणि बाकीच्या आमच्या भावानं दिल्या. आधी मी मान खाली घालून भाव कमी केला असता.

हे आपल्या मुलामुलींच्याही कामाचं आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेतून देता येतात. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन असतं. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात. संकल्पचित्रात लय, तोल आणि रंगसंगतीच पाहतात. तुमची मुलगी अडली तर तिला रांगोळी आणि सूप दाखवून समजावा. तुम्हाला येतं ते.

या आठवड्यात एवढं करा. आपली रांगोळी, टोपली किंवा शिवलेली गोधडी दहा पावलांवर ठेवा आणि डोळे अर्धे मिटून पाहा. बारीकसारीक पुसट होतं आणि गडद-उजळ तेवढं उरतं. मग स्वतःला चार प्रश्न विचारा. नजर आधी कुठे जाते? एक बाजू जड वाटते का? काही फार मोठं किंवा फार लहान आहे का? काय काढून टाकलं तर बरं दिसेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तेवढं काढून टाका आणि पुन्हा पाहा. मग पुढच्या बैठकीत शेजारणीला दाखवा. तिनं "छान आहे" म्हटलं तर तेवढ्यावर सोडू नका. काय छान आहे, ते तिलाच सांगायला लावा.