१२० लिटर पाणी

रायपूरच्या काकूंचा टू-डी इकोचा रिपोर्ट वाचताना मी एका ओळीपाशी थांबलो : फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला. आजार मूत्रपिंडाचा, डायलिसिस सुरू. मग हे फुप्फुसाचं कुठून आलं? तो प्रश्न घेऊनच त्यांच्या पाळीला मी डायलिसिस कक्षात जाऊन बसलो.

वजन, रक्तदाब, सुया, नळ्या. बघता बघता सगळी यंत्रं सुरू झाली. माझं लक्ष मात्र तिथल्या तरुण तंत्रज्ञाकडेच जात राहिलं. सुई टोचण्याआधी तो प्रत्येकाच्या हातावरच्या फिस्टुलावर बोटं टेकवून क्षणभर थांबायचा. इथे शस्त्रक्रियेनं धमनी थेट शिरेला जोडलेली असते. मिनिटाला अर्धा-एक लिटर, कधी त्याहूनही जास्त रक्त त्या वाटेनं धावतं आणि त्वचेखाली थरथरतं. काकूंचा हात पुढे करून तो म्हणाला, “बघा, दाईचा चांगला चाललाय.” दाई म्हणजे छत्तीसगढीत आई. ती थरथर मी विसरू शकलेलो नाही.

हेच वाढीव रक्त पुढे उजव्या हृदयातून फुप्फुसात जातं. निरोगी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या फैलावून त्याला जागा देतात. या रुग्णांच्या रक्तवाहिन्या मात्र साचलेल्या विषद्रव्यांनी आणि वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहानं आखडलेल्या असतात. त्यात लघवी होत नाही म्हणून अंगात साठलेलं पाणी, आणि ताठरलेल्या डाव्या हृदयाकडून मागे येणारा दाब. इस्रायलमध्ये यिग्ला आणि सहकाऱ्यांनी हिमोडायलिसिसवरचे ५८ रुग्ण तपासले होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४० टक्क्यांचा फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला निघाला.

दाहाची एक वाट त्या तरुणानंच दाखवली. मला पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या खोलीत नेऊन म्हणाला, “एका माणसाला एका वेळेला १२० लिटर पाणी लागतं.” मिनिटाला अर्धा लिटर, असे चार तास. १२० लिटर, आणि तेही आठवड्यातून तीनदा! डायलिसिसच्या गाळणीत पातळ पडद्याच्या अलीकडे रक्त, पलीकडे हे पाणी. त्यात जिवाणूंचं एन्डोटॉक्सिन उरलं, तर त्याचे बारीक अंश पडद्यातून रक्तात शिरतात. ताप येईलच असं नाही. रक्तातलं सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन गुपचूप चढतं. म्हणून क्लोरीन तपासणं, टाक्या आणि नळ निर्जंतुक करणं, पाण्याचे नमुने पाठवणं हे सगळं नेमानं करावं लागतं. मला हे काम डॉक्टरांच्या औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

पाण्यावरून आठवलं : गरियाबंद जिल्ह्यातल्या सुपेबेड्याचे रुग्ण दोनशे किलोमीटरहून लांबून उपचारांसाठी रायपूरला येतात. त्या गावात कित्येक वर्षं मूत्रपिंडाच्या आजारानं माणसं दगावताहेत. कारणांच्या शोधात तिथल्या भूजलावरही संशय घेतला गेला आहे. घरच्या पाण्याचा धसका घेतलेल्या माणसानं इथे येऊन १२० लिटर पाण्याच्या भरवशावर खाटेवर पडून राहायचं!

काकूंचं इको दोन दिवसांच्या खंडानंतर, अंगावर पाणी चढलेलं असताना झालं होतं. डॉक्टरांनी ते डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, वजन ठरल्या आकड्यावर आल्यावर पुन्हा करायला सांगितलंय. नुसतं पाणी काढून दाब किती उतरतो ते आधी बघायचं, उरला तर फिस्टुला आणि हृदय तपासायचं. फुप्फुसाच्या दाबावरच्या खास गोळ्या अशा रुग्णांना सरसकट देत नाहीत. तोवर काकूंचं पाणी मोजून, छोट्या पेल्यानं.