पहिलं वळण

सकाळच्या वेळी कोपर स्टेशनवर गाडीत शिरणं ही काय चीज आहे, हे कोपरकरालाच ठाऊक. जलद गाड्या इथे थांबत नाहीत आणि धीमी येते ती कल्याण-डोंबिवलीने भरून पाठवलेली. नवखा माणूस गाडी दिसली की धावाधाव करतो आणि बहुधा फलाटावरच राहतो. मुरलेला प्रवासी मात्र दार कुठे येणार ते ओळखून आधीच तिथे शांत उभा असतो. ताकद दोघांची सारखीच. फरक असतो तो तयारीचा.

हे सगळं मला आठवलं ते पुण्याजवळच्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. 28 जानेवारी 2024 च्या रविवारी तिथे ‘इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग’ची पहिली फेरी होती. स्टेडियममध्ये माती टाकून उंचवटे नि वळणं तयार केलेली. माझा एकोणीस वर्षांचा भाचा मला ओढूनच घेऊन गेला होता. त्याला या खेळाचं वेड आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, त्याची धास्ती. ‘तू बघून ये आणि मला खरं काय ते सांग,’ असं तिने मला बजावलं होतं.

मी पाहिलं ते असं. सगळे स्वार एका लोखंडी फाटकामागे ओळीत उभे राहतात. शेवटची इशाऱ्याची पाटी दिसली की त्यानंतर साधारण 5 ते 10 सेकंदांत फाटक केव्हाही पडतं. नेमकं कधी, ते कोणालाच ठाऊक नसतं. फाटक पडतं तेही स्वाराच्या दिशेने. त्यामुळे जो उतावळेपणाने आधी निघेल, त्याचं चाक फाटकावर आपटतं आणि बाकीचे निघून जातात. उतावळ्याला शिक्षा द्यायला पंच लागतच नाही!

या सुरुवातीला एवढं महत्त्व का? सगळे स्वार एकाच वेळी एकाच अरुंद वळणाकडे झेपावतात. तिथून जो पहिला बाहेर पडतो, त्याने ‘होलशॉट’ घेतला असं म्हणतात. त्याच्यापुढे रस्ता मोकळा असतो. मागच्यांच्या तोंडावर मात्र चिखलमातीचा मारा, आणि एखादा पडला तर त्याच्यावर आदळण्याची भीती.

म्हणून जाणता स्वार आधी जागा पारखतो. वळणापर्यंत सरळ जाता येईल अशी जागा त्याला हवी असते. अगदी आतली जागा जवळची खरी, पण तिथे कोंडी होण्याचा धोका. मग तो फाटकामागची भुसभुशीत माती पायाने बाजूला सारून चाकाखालची जमीन दाबून घट्ट करतो. सीटवर पुढे सरकून बसतो, कोपरं वर, डोकं हँडलच्या वर. वजन फार मागे गेलं तर पुढचं चाक उचललं जातं. फार पुढे गेलं तर मागचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. बहुतेक वेळा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते. अॅक्सिलरेटर एका पातळीवर स्थिर आणि क्लच नेमका ‘धरायला’ लागतो त्या बिंदूवर. नजर शेजाऱ्यावर नाही, फाटकावर. फाटक हललं की क्लच झटक्यात न सोडता सफाईने सोडायचा आणि पाय लगेच वर घ्यायचे. काही गाड्यांत पुढचा शॉकअॅब्सॉर्बर दाबून अडकवायची युक्तीही असते. पहिला जोराचा ब्रेक लागताच ती आपोआप सुटते.

गंमत म्हणजे या सगळ्यात अॅक्सिलरेटर पिळणं हाच भाग सर्वांत सोपा! सिग्नलवर गुरगुर करणाऱ्या पोरांना तेवढंच येतं. खरी कसोटी असते ती धरून ठेवण्याची. बंगळुरूचा सी. एस. संतोष याच मातीच्या शर्यतींमधून पुढे आला आणि 2015 मध्ये डकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. असा पल्ला नुसत्या जोशावर गाठता येत नाही.

परत आल्यावर ताईला मी खरं ते सांगितलं. खेळ धोक्याचा आहे. हेल्मेट, छाती-पाठीचं कवच, गुडघ्याचे पॅड आणि उंच बूट घालूनही माणसं पडतात. पण आपल्या रस्त्यांवर पोरं चप्पल घालून जे करतात, त्यापेक्षा बंद मैदानात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली शिकलेलं बरं. ताई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एकच अट घातली : शर्यतीतलं काहीही रस्त्यावर आणायचं नाही.

गेल्या आठवड्यात मी भाच्याच्या मागे बसून डोंबिवलीत आलो. सिग्नल हिरवा झाला. आजूबाजूच्या गाड्या सुसाट सुटल्या. आमचे चिरंजीव डावीकडे बघून, उजवीकडे बघून, सावकाश निघाले. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. ‘मामा, वाजवू दे त्याला,’ तो म्हणाला, ‘इथे पहिलं यायचं नसतं.’

ताईला हे मी त्याच संध्याकाळी सांगितलं.