तालमींच्या शहरातील मैदानाबाहेरची मुले

कोल्हापूरची ओळख सांगताना तालमींचा उल्लेख आधी येतो, आणि ते यथार्थच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबागेचे मैदान सिद्ध झाले. राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. २०२४ साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक पटकावले. हा अभिमान रास्त आहे. परंतु अशा नगरीतील नववीच्या एखाद्या वर्गात दिवसाकाठी घाम येईपर्यंत खेळणारी मुले-मुली किती, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील माहितीवर आधारलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध केली. ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८१ जणांना रोजचा एक तासाचा व्यायामही घडत नव्हता. मुलींत हे प्रमाण शेकडा ८५ होते. तालमीचा वारसा रक्तातून उतरत नाही, तो सवयीतून उतरतो; आणि सवय मोडली, की कोल्हापूरही या आकड्यांना अपवाद राहणार नाही.

शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असतोच. पण चाचणी जवळ आली, की गणिताच्या राहिलेल्या भागासाठी पहिला बळी त्याचाच जातो. उरलेल्या वेळात क्रीडाशिक्षक आंतरशालेय स्पर्धेच्या संघामागे गुंततात. स्पर्धांत चमकणाऱ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. बाकीच्यांच्या वाट्याला टाळ्या वाजवण्याचे काम येते. जाडा, दम लागणारा, संकोची मुलगा वर्गातच बसून राहतो. त्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, आणि संधी मात्र सर्वांत कमी!

इथे शाहू महाराजांच्याच दुसऱ्या कार्याचे स्मरण उचित ठरेल. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हुशार मुले निवडून तेवढ्यांनाच शिकवावे, हा विचार त्यामागे नव्हता. प्रत्येक मूल शाळेत यावे, हा होता. अक्षरांना लावलेला हा न्याय शरीराला का लावू नये?

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मैदान लहान असेल तर वर्गांच्या पाळ्या लावता येतात. पावसाळ्यात व्हरांड्यात सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, लेझीम होऊ शकते. लंगडी आणि खो-खो यांना महागडे साहित्य लागत नाही. मुलींसाठी सोयीचा गणवेश आणि कपडे बदलण्यास आडोशाची जागा, एवढी व्यवस्था झाली तरी अनेकींचा संकोच दूर होईल. श्रेणी देताना पदक न पाहता मुलाने स्वतःत केलेली सुधारणा पाहावी.

अभ्यास बुडेल, ही पालकांची शंका स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा व्यायामाला दिलेल्या वेळामुळे शैक्षणिक प्रगतीला बाधा आल्याचे दिसले नाही. त्याचबरोबर, केवळ शालेय उपक्रमांनी मुलांची एकूण हालचाल फारशी वाढत नाही, असे २०२१ सालच्या एका मोठ्या आढाव्यात आढळले, हेही नमूद केले पाहिजे. म्हणूनच शाळा सुटल्यावर तिचे मैदान मुलांना खुले राहावे, पेठेतील तालमीने शाळेशी नाते जोडावे, आणि पालकांनी सायंकाळचा एक तास शिकवणीतून सोडवून घ्यावा.

खाशाबांना हेलसिंकीस पाठवण्यासाठी त्यांच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. आजच्या मुख्याध्यापकांकडे एवढ्या त्यागाची मागणी कोणी करणार नाही. त्यांनी शारीरिक शिक्षणाचा तास तेवढा गहाण पडू देऊ नये!