दसरा चौकातील कलादालन

कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर दर्शन घेऊन आम्ही कोल्हापूरला उतरलो, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. परभणीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. घरच्या स्त्रिया महाद्वार रस्त्याकडे खरेदीला निघाल्या. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या मात्र माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "काका, शाहू स्मारक भवनात चित्रांचे प्रदर्शन भरले आहे. तुम्ही येता का बरोबर?"

तिने वडिलांना का विचारले नाही, हे मला ठाऊक होते. बारावीनंतर तिला कोल्हापुरात राहून चित्रकलेची पदविका घ्यावयाची आहे आणि आमच्या घरात दोन महिन्यांपासून त्यावरून अबोला आहे. बंधूंचे कापडाचे दुकान आहे. "चित्रे काढून पेढी चालते काय?" एवढेच त्यांचे म्हणणे. खरे सांगायचे तर त्या दुपारपर्यंत माझेही म्हणणे त्याहून फारसे वेगळे नव्हते.

दसरा चौक आपल्या समाजाला परका नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, त्यांपैकी १९०१ साली सुरू झालेले दिगंबर जैन बोर्डिंग याच परिसरात आहे. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतील मुलांना शाळेची वाट मोकळी केली. बोर्डिंगवरून जाताना मी हे सारे पुतणीला सांगत होतो. तिचे लक्ष अर्थातच पुढच्या इमारतीकडे होते.

राजर्षी शाहू स्मारक भवनात सभागृह आहे आणि त्याच छताखाली कलादालनही आहे. माझ्या मते सारी गंमत या एकत्र असण्यात आहे. कलादालन म्हटले की मुंबईच्या जहांगीरसारखी वास्तू डोळ्यांपुढे येते आणि आपल्यासारखा माणूस पायरीवरच अवघडतो. येथे तसे काही नव्हते. कोणी व्याख्यानाला वेळ आहे म्हणून आत डोकावला होता, कोणी पुस्तके पाहायला आलेला सहज वळला होता. एक गृहस्थ भाजीची पिशवी हातात धरूनच एका जलरंगातील गुऱ्हाळापुढे बराच वेळ उभे होते. त्यांनी काहिलीखालच्या जाळाकडे बोट दाखवून चित्रकाराला काहीतरी सुधारणा सुचविली आणि चित्रकाराने ती मान हलवून ऐकून घेतली.

चित्रकार एका तालुक्याच्या गावचे कलाशिक्षक होते. पंचगंगेचा घाट, बैलबाजार, पावसातले एसटी स्थानक अशी सव्वीस चित्रे त्यांनी मांडली होती. व्यापाऱ्याची नजर प्रथम किमतीच्या चिठ्ठीवर जाते, माझीही गेली. मग मी नेहमीच्या सवयीने हिशोब विचारला. दालनाचे भाडे, चौकटी, काच, वाहतूक, छापील पत्रिका असे सगळे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. चार चित्रे विकली गेली होती. खर्च निघून थोडे उरेल, असे ते म्हणाले.

"मग गुरुजी, हा उद्योग कशासाठी?" मी विचारले.

"घरात ठेवलेली चित्रे मला एकट्यालाच दिसतात," ते म्हणाले. "इथे आल्यावर काहिलीखालचा जाळ चुकला, हे कळते."

कोल्हापूरला हे कसे साधले, याचे उत्तर एका इमारतीत नाही. शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांतून चित्रकलेचे शिक्षण मिळते. 'रंगबहार' संस्थेच्या मैफलीत चित्रकार आणि शिल्पकार टाऊन हॉलच्या बागेत लोकांसमोर बसून काम करतात आणि शेजारी गाणे चालू असते. चित्र रंगताना पाहण्याची ज्या गावाला सवय झाली, त्या गावात कलाशिक्षकालाही ग्राहक मिळतो.

परभणीत काय आहे? गुणवंत मुले आहेत. दरवर्षी कितीतरी घरांतील मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, दहावीला त्यांचे वाढीव गुण घेतात आणि ते कागद मग माळ्यावर जातात. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांच्या नावाचे सभागृह परभणीत आहे, हा आपला अभिमान. परंतु एखाद्या मुलीने काढलेली वीस चित्रे आठ दिवस नीट उजेडात टांगून ठेवावीत, अशी जागा कोणी विचारली तर मला चटकन सांगता येणार नाही.

आणि हे आपल्या समाजात घडावे, याचे मला अधिक वाटते. जिंतूरच्या नेमगिरीवर दगडाच्या लहानशा आधारावर तोललेली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती पाहताना आपण तो चमत्कार मानतो. ज्या शिल्पकाराच्या हाताने तो तोल साधला, त्याची आठवण कोण काढतो? मूडबिद्रीला धवला ग्रंथाची बाराव्या शतकातील सचित्र ताडपत्रे जपलेली आहेत. पश्चिम भारतात कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या लिहवून घेतल्या त्या बहुतांशी व्यापारी कुटुंबांनीच, आणि शेवटच्या पानावर आपल्या कुळाची नावे घातली.

त्याहून मला प्रिय आहेत ती विज्ञप्तिपत्रे. आचार्यांची क्षमायाचना करावी आणि चातुर्मासासाठी त्यांना आपल्या गावी बोलवावे, म्हणून श्रीसंघ लांबच लांब पट रंगवून पाठवीत असे. पुष्कळ पटांवर गावचा बाजार असे. रांगेने दुकाने आणि गाद्यांवर बसलेले आपलेच दुकानदार. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेला पट उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने रंगविला. पर्युषणात जीवहत्या थांबविण्याचे जहांगीर बादशहाचे फर्मान त्यात चित्रित आहे. त्या काळी चित्राला पैसे देणे हा संघाच्या जमाखर्चातला नित्याचा भाग असावा. तो आपल्या वहीतून केव्हा गळाला, कोण जाणे.

याच संदर्भात एक परदेशी दाखला द्यावासा वाटतो. आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅसलबार नावाचे गाव आहे. तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस तागाच्या कापडाच्या व्यापारासाठी एक दगडी इमारत उभारली गेली. आज त्याच लिननहॉलमध्ये प्रादेशिक कलाकेंद्र आहे. नाटक होते, संगीत होते आणि एका दालनात चित्रे लागतात. जिनिंगच्या जुन्या आवारांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यातील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आमच्या गावी समाजाच्या नव्या सभागृहाचा नकाशा तयार होत आहे. प्रवेशद्वाराच्या बाजूची लांब भिंत फोडून तेथे दोन गाळे काढावेत, अशी सूचना मीच केली होती. भाडे येईल, हा माझा मुद्दा होता आणि तो सर्वांना पटलाही होता. आता तो मलाच मागे घ्यावा लागणार आहे, आणि सभेत त्यावर हसू होईल हेही दिसते आहे. मागणी फार नाही: ती भिंत अखंड ठेवावी, वर एक लोखंडी पट्टी, खाली दिव्यांची सोय आणि दर महिन्याला आठ दिवस ती कोणत्याही समाजाच्या मुलांना विनाभाडे द्यावी. भाड्याचे नुकसान होईलच. ते मी लपवीत नाही.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ टळू नये म्हणून आम्ही दालनातून निघालो. अभिप्रायाच्या वहीत पुतणीने पानभर लिहिले, मी फक्त सही केली आणि एसटी स्थानकाचे चित्र विकत घेतले. ते आता बंधूंच्या दुकानात गल्ल्याच्या मागे लागले आहे. पहिल्या दिवशी त्यांनी किंमत विचारली आणि गप्प राहिले. चौथ्या दिवशी एका ग्राहकाला ते सांगत होते, "पाऊस बघा कसा ओला काढलाय."

प्रवेशाच्या अर्जावर त्यांची सही अद्याप झालेली नाही. नकाशा मात्र माझ्या टेबलावर आहे. मी निवडलेली भिंत पश्चिमेची निघाली; तिथे दुपारचे ऊन येऊन रंग उडतील, समोरची घ्या, असे पुतणीने त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. येत्या रविवारी तो मंडळापुढे ठेवायचा आहे.